रविवारच्या सहलीपेक्षा रोजचा तास

तुमचा मुलगा तीन वर्षांचा आहे ना? मग एवढ्यात कुठलाही क्लास लावू नका, त्याला रोज बाहेर मोकळं खेळायला न्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयाच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल सुचवली आहे. वन बीएचकेत ती होणं कठीण. संध्याकाळचा एक तास बाहेरचाच ठरवून टाका आणि त्यासाठी रात्रीचा स्वयंपाक सोपा करा. खिचडी-पापडावर कुणी उपाशी राहत नाही. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांनाही न्या. झाडांची नावं त्यांनाच जास्त ठाऊक असतात.

ठाण्यात असाल तर रोजच्यासाठी उपवन तलावाचा काठ पुरेसा आहे. खेळणी नेऊ नका, काड्या-दगड तिथे मिळतातच. येऊरच्या डोंगरावर सकाळी जा. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, बिबट्यांचा वावर असलेला, त्यामुळे अंधार पडण्याच्या बऱ्याच आधी खाली उतरायचं. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो दाखवा, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे चरतात.

पावसाळ्यात घरात कोंडू नका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रेनकोट घाला, भिजू द्या. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात मात्र खेळू देऊ नका, लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. पायाला जखम असेल तर मुळीच नाही. येऊरच्या ओढ्यांतही उतरायचं नाही, डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा.