एका बोटीवर दोन फिश फाइंडर, चालतील का?

प्रश्न: दादा नमस्कार. आमची ४२ फुटी फायबरची बोट आहे, हर्णैला असते. केबिनमध्ये २०० किलोहर्ट्झवाला फिश फाइंडर होताच, यंदा भावाने मागे जाळं मारतो तिथे दुसरा बसवला, सेम कंपनी सेम मॉडेल, म्हणजे सेटिंग परत शिकायला नको. आता दोन्ही चालू केले की दोन्ही स्क्रीनवर तिरक्या तुटक रेषा, पाऊस पडल्यासारखं. एक बंद केला की दुसरा एकदम क्लीन. भाऊ म्हणतो नवा सेट खराब आहे, दुकानवाला म्हणतो सेन्सर अजून लांब न्या. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको. सेट खराब असता तर एकटा चालवल्यावर क्लीन दिसला नसता, ही टेस्ट तुम्ही आपोआपच करून बसलाय.

होतं काय, सेन्सर पाण्यात आवाज सोडतो आणि तळाला किंवा माशाला आपटून परत आलेला आवाज ऐकतो. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १६ वाव, धरा ३० मीटर, एवढ्या पाण्यात जाऊन यायला त्याला एका सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. सेट फक्त हा वेळ मोजतो, आवाज कोणी सोडला ते त्याला कळत नाही. शेजारच्याचा आवाजही २०० चाच असेल तर तो आपलाच समजून स्क्रीनवर ठिपका मारतो. आणि दोघांचा ताल कधीच शंभर टक्के जुळत नाही, भजनात दोन टाळकरी जरासे मागेपुढे होतात ना तसं, म्हणून परका ठिपका दर वेळी थोडा वर नाहीतर खाली सरकतो आणि त्याची तिरकी रेष होते. मासा अशी रेष काढत नाही.

आता लांब न्यायचं म्हणाल तर हिशोब बघा. २०० च्या सेन्सरचा आवाज समजा २० अंशांच्या कोनात पसरतो, तर ३० मीटर खाली त्याचा गोल साडेदहा मीटरच्या आसपास होतो. तुमची बोटच जेमतेम १३ मीटर. एक सेन्सर नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि एक पार पाठीमागे लावलात तरी खाली दोन्ही गोलांत जेमतेम दोनेक मीटरची फट राहते, शिवाय तळावरून आवाज चारी दिशांना उडतो तो वेगळाच. दोन फूट सरकवून काय होणार? उलट मागे नेता नेता पंख्याच्या फेसात गेला तर होतं तेही जाईल.

उपाय म्हणजे फ्रिक्वेन्सी वेगळी करा. तुमचा सेट आणि मुख्य म्हणजे सेन्सर ५०/२०० असा डबल असेल तर केबिनमधला ५० वर टाका, मागचा २०० वर ठेवा, खर्च शून्य. ५० चा कोन मोठा असतो, ४५ अंश धरला तर त्याच ३० मीटरवर २५ मीटरचा गोल, म्हणजे थवा शोधायला बरा पण बारीकसारीक दिसणार नाही, तळाला चिकटलेला मासा तर तळातच मिसळतो. ते काम मागचा २०० करेल. चर्पवाला सेट घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, चर्प एकाच फ्रिक्वेन्सीवर न थांबता फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्यात फिरतो, हाय चर्प साधारण १३० ते २१० असतो, म्हणजे २०० त्यातच येतो आणि भांडण परत चालू.

सेन्सर फक्त २०० चाच असेल तर मेनूत इंटरफिअरन्स रिजेक्शन शोधा. हे लागोपाठच्या आवाजांची तुलना करतं आणि एकदाच दिसलेला ठिपका पुसून टाकतं. लो वर ठेवा, हाय केलंत तर लहान मासेही पुसले जातात आणि मग म्हणाल मासाच नाही.

पण खरं सांगू का, मागे तुम्हाला सेन्सर लागतच नव्हता, स्क्रीन लागत होती. बोटीखालचं पाणी तेच, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, दिसतं तेच जाळं मारणाऱ्याला दिसलं की झालं. नेटवर्कवाल्या सेटमध्ये एका सेन्सरचं चित्र दोन स्क्रीनवर घेता येतं, तुमच्या मॉडेलला ती सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर दुसरा सेट जोडलेला पण बंद ठेवा, भर समुद्रात पहिला गेला की कामाला येईल. मात्र एकाच सेन्सरची वायर सोलून दोन सेटला जोडायचा जुगाड करू नका, दोन्ही सेट एकाच वायरीत करंट सोडतात आणि एखादा जळतो. त्यासाठी स्विच बॉक्स मिळतो, एका वेळी एकच सेट चालतो.

आणि बंदरात रेषा दिसल्या तर घाबरू नका. मी एकदा दोन दिवस वायरिंग उपसत बसलो होतो आणि गुन्हेगार निघाली शेजारी नांगरलेली बोट, तिचा सेट चालू राहिला होता.

प्रश्न: दोन-दोन सेट लावले तरी सुरमई दिसत नाही, असं का? (मालवणहून)

उत्तर: सुरमईच्या पोटात हवेची पिशवीच नसते, आणि माशावरून येणाऱ्या आवाजातला मोठा वाटा त्या पिशवीचा असतो. घोळीचं उलट, ज्या बोताला, म्हणजे याच हवेच्या पिशवीला, एवढा भाव मिळतो तोच बोत तिला स्क्रीनवर चमकवतो. सुरमईसाठी सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवा आणि तिच्या खाद्याचा, म्हणजे तारलीसारख्या लहान माशांचा थवा शोधा. तिसरा सेट घेऊन फरक पडणार नाही.

प्रश्न: दोन्ही सेटला एकच बॅटरी चालेल का?

उत्तर: चालेल, पण प्रत्येकाला वेगळा फ्यूज आणि वायर थेट बॅटरीवरून घ्या, बल्बच्या लाइनवरून नको. इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज पडून सेट रीस्टार्ट होत असेल तर सेटसाठी छोटी बॅटरी वेगळी ठेवा. सेन्सरची केबल अल्टरनेटरच्या वायरीबरोबर बांधू नका, त्यानेही रेषा येतात, पण त्या इंजिनच्या आरपीएमबरोबर बदलतात, म्हणून इंजिन बंद करून एकदा बघा. आणि तळाला भोक पाडून सेन्सर बसवायचा असेल तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट वर ओढलेली असतानाच करा.