डबा घरीच खा

ठाणे, रविवार रात्र

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

आज उपासना सुटल्यावर जिन्याखाली तू मला गाठलंस, एका दमात सगळं सांगितलंस आणि मी फक्त "प्रार्थना करतो" म्हणालो. घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटत होती. आपल्या चर्चच्या मंडळीत हे वाक्य कित्येकदा बोलणं आटोपतं घ्यायला वापरतात. मीही आज तेच केलं. म्हणून हे पत्र.

बाबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्यात नोकरी गेली, त्यालाही सहा आठवडे झाले. तू रोज ऐरोलीहून नेहमीचीच गाडी पकडतेस, ठाण्याला उतरतेस, तलावपाळीवर बसून डबा खातेस आणि ऑफिस सुटायच्या वेळी परत फिरतेस. आईला पत्ता नाही. "काका, देव यातून मला काय शिकवतोय तेच कळत नाही," असं म्हणालीस ना?

नको शोधूस. निदान आत्ता तरी नको. अंगात ताप असताना कोणी धडे पाठ करत नाही.

मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर होतो, हे तुला ठाऊक आहे. एका सकाळी गेटला कुलूप आणि कुलपाखाली कागद. तीन महिन्यांचा पगार अडकला. त्यातला थोडा फार पुढे मिळाला, बाकीचा बुडाला. घरी सांगायची छाती झाली नाही. अकरा दिवस मी डबा घेऊन निघायचो, उपवन तलावापाशी बसायचो आणि संध्याकाळी दमल्यासारखं तोंड करून घरी यायचो. बाराव्या दिवशी तुझी काकू कपडे भिजवता भिजवता मान वर न करता म्हणाली, "उद्यापासून डबा घरीच खा." तिला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. माझ्या शर्टाच्या बाह्यांना तेल लागत नव्हतं. तरीही दहा दिवस ती भाजी-पोळी भरून देत राहिली, मी आपणहून बोलेन म्हणून. तुझ्या आईलाही कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

त्या काळात पोक्त माणसांनी मला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय बराच ऐकवला. राग यायचा. पुढे कधीतरी तो सावकाश वाचला, तेव्हा त्यातला क्रम नजरेत भरला. पत्र लिहिणारा पौल म्हणतो, संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा. आशा सगळ्यात शेवटी! आपण तिला पहिल्याच दिवशी हजेरीला बोलावतो आणि ती आली नाही की म्हणतो, माझा विश्वासच कच्चा. तुला आत्ता आशा वाटत नाही, यात तुझा काही गुन्हा नाही. तू अजून धीराच्या इयत्तेत आहेस, आणि ती इयत्ता लांबलचक असते.

देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, त्या आपल्याकडच्या साक्षींनीही यात घोळ केलाय, हे माझं स्पष्ट मत. साक्षीला उभा राहतो तो नोकरी मिळालेला, ऑपरेशन पार पडलेला. ज्याचं अजून काहीच जमलेलं नाही, तो मागच्या बाकावर टाळ्या ऐकत बसतो. त्याला वाटतं, सुटका झाली तरच देव आपला.

तुझ्यासारख्यांसाठी बायबलमधलं 88वं स्तोत्र आहे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. पण पहिली हाक तारणाऱ्या देवालाच आहे. तक्रार आहे, आणि ती त्याच्याच दारात घातलेली आहे. गाणं म्हणवत नसेल तर उपासनेत गप्प उभी राहा, शेजारचे म्हणतात ते ऐक. घरी हे स्तोत्र मोठ्याने वाच. चालतं.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचं नाव आपण पुतळ्यासारखं घेतो, म्हणून जरा वर्षं लावून बघ. जन्म 1858चा. 1874च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. 1880मध्ये भाऊ, 1882मध्ये नवरा, कडेवर लहानगी मनोरमा. 1883मध्ये बाप्तिस्मा. आणि त्यानंतरही कित्येक वर्षं मनाला शांती नव्हती, असं त्यांनीच पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलंय. मग 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती मला यात दिसते. त्यांचे आईवडील का गेले, याचं उत्तर मात्र मला त्यात दिसत नाही. "त्या मुलींसाठीच देवाने हे घडवलं" असं कोणी म्हणालं, तर मी तिथून उठून जाईन.

माझ्या वाईट दिवसांत मंडळीतले एक वडीलधारे दर गुरुवारी संध्याकाळी यायचे. बोलायचे कमी. काकू तांदूळ निवडत असली की ताट स्वतःकडे ओढायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि खडे वेचायला लागायचे. अर्धा तास. मग दोन वाक्यांची प्रार्थना, चपला, घर. बायबलचं वचन त्यांनी एकदाही ऐकवलं नाही. त्या वर्षातली प्रवचनं सगळी विसरलो, ताटाच्या कडेला लावलेली खड्यांची रांग विसरलो नाही.

तू झोप येत नाही म्हणालीस, त्याकडे काणाडोळा करू नकोस. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. तेव्हा आधी जेवण, झोप. तरीही रात्री तशाच जात राहिल्या तर डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, 14416 लाव, फुकट आहे. याने विश्वास कमी होत नाही. कोणी तसं म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

नोकरीचं बघू. महापे-रबाळ्याच्या बाजूला माझी दोन-चार ओळखीची माणसं आहेत. तुझा बायोडेटा पाठव, पण शब्द देत नाही.

उद्या सोमवार. गाडीला जाऊ नकोस. आईने डबा भरायला घेतला की तिच्याजवळ जाऊन उभी राहा. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नकोस, ते बहुतेक तीच सुरू करेल. आणि गुरुवारी संध्याकाळी मी आणि काकू ऐरोलीला येतोय. चहा नको, काही नको. निवडायचे तांदूळ असतील तर ठेवा.

तुझा,
काका