वहीतले २०२८

"जगाचा शेवटचा काळ, प्रभू येशूच्या पुनरागमनाची वेळ आलीच असेल, तर मुलांच्या शिक्षणावर पैसा कशाला घालायचा?" हा प्रश्न सोलापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून मी अनेकदा ऐकला आहे. त्यांपैकी एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, असलेले हे गृहस्थ २०२५ च्या पावसाळ्यात पत्नीच्या आग्रहाखातर माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. मुलीला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या जीएनएम अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता, फी भरायची मुदत आठ दिवसांवर आली होती आणि हे गृहस्थ पैसे काढायला तयार नव्हते. युद्धाच्या बातम्या आणि भविष्यवाणीचे व्हिडिओ पाहण्यात रात्रीचे दोन वाजत, त्यामुळे झोपेचे पार खोबरे झाले होते. त्यांनी एक दोनशेपानी वही माझ्यापुढे सरकवली. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातला अंजिराचा दृष्टांत (अंजिराला पाने फुटली की शेवट जवळ आला, आणि ही पिढी सरण्याआधी सारे घडेल), ते अंजीर म्हणजे १९४८ साली झालेली इस्राएल राष्ट्राची स्थापना, आणि एका पिढीसाठी ९० व्या स्तोत्रातली माणसाच्या आयुष्याची ८० वर्षे. आणि खाली लाल शाईने बेरीज, २०२८.

"ताई, पोरगी पास होणार तीही २०२८ लाच," ते म्हणाले.

अशा वेळी श्रद्धेवर बोट ठेवले तर माणूस पुन्हा येत नाही, आणि मी स्वतः त्याच विश्वासात वाढलेली असल्याने मला ते करायचेही नव्हते. मी वहीचे मागचे पान उलटले. तेथे ८० ऐवजी ४० मिळवून १९८८ काढलेले होते आणि त्यावर काट मारली होती. ती कोणी मारली, असे विचारल्यावर ते ओशाळून हसले. १८४४ च्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत विल्यम मिलर यांचे हजारो अनुयायी प्रभूच्या आगमनाची वाट पाहत होते आणि तो दिवस तसाच सरला, हे मी त्यांना सांगितले. आणि त्याच २४ व्या अध्यायात, अंजिराच्या दृष्टांतानंतर चारच वचनांनी, तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही असे येशू सांगतो, ते वचन त्यांच्याकडूनच वाचून घेतले. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षे शब्दशः घ्यावीत की प्रतीक म्हणून, यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जुने मतभेद आहेत. त्यात मी शिरले नाही.

त्यांना खरे बोलते केले ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३२ व्या अध्यायाने. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, नगर पडणार हे यिर्मयानेच सांगितले आहे आणि त्यामुळे तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी तो अनाथोथ येथले चुलतभावाचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतो. साक्षीदारांच्या सह्या होतात, खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवले जाते, कारण या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे देवाचे वचन आहे. "म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या जमिनीचे रोख पैसे मोजले?" त्यांनी विचारले. व्यवहाराच्या दृष्टीने याहून वेडेपणाची खरेदी सापडणे कठीण, हे मला मान्य करावे लागले.

मग मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४ था अध्याय काढला. तरवारींचे नांगराचे फाळ होतील हे त्यांना पाठ होते, पण पुढचे वचन त्यांनी कधी थांबून वाचले नव्हते: प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसेल व त्याला कोणी भेवडावणार नाही. अश्शूरच्या साम्राज्याच्या धास्तीत जगणाऱ्या माणसांना हे सांगितले गेले होते. त्यांच्या मेव्हण्यांची पंढरपूर तालुक्यात द्राक्षबाग आहे. लागवडीनंतर पहिला माल हाती यायला दीड-दोन वर्षे मंडप, पाणी, छाटणी करावी लागते, हे त्यांनीच मला समजावले आणि बोलता बोलता गप्प झाले. वहीतले अंजीर घड्याळासारखे टांगलेले होते. मीखाच्या अंजिराखाली बसायचे, तर ते आधी कोणीतरी लावलेले असावे लागते.

झोपेसाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले, आणि रात्री नऊनंतर मोबाइल वहिनींकडे राहील असे ठरले. हे दोन्ही त्यांनी कुरकुरत मानले. फीचा पहिला हप्ता मुदतीच्या आदल्या दिवशी भरला गेला. व्हिडिओ पूर्ण सुटलेले नाहीत, युद्धाची बातमी आली की चर्चच्या पाळकांना फोन जातोच. तिसऱ्या भेटीत मी वही पुन्हा मागितली. २०२८ खोडलेले नव्हते. त्याच्यासमोर निळ्या शाईने, जरा तिरके, लिहिले होते: पोरीचा निकाल.