क्लच प्लेट बदलण्याआधी

प्रश्न : माझ्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरला की थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकू लागते आणि रिव्हर्स टाकताना खरखर आवाज येतो. पेडल दोन-तीनदा भराभर दाबले की गिअर सहज पडतो. ऑइलची पातळी कमी झालेली नाही. गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलायला सांगितले आहे. बदलावी का?

उत्तर : एवढ्या लक्षणांवरून तरी बदलू नये. झिजलेली प्लेट धरत नाही, म्हणजे चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. आपली तक्रार याच्या नेमकी उलट आहे : आपला क्लच धरतो, पण पूर्ण सुटत नाही.

पेडल दाबल्यावर पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन नळीतले ब्रेक ऑइल पुढे ढकलतो, त्या दाबाने गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा दांडा फोर्क (काट्यासारखी तरफ) हलवतो आणि फोर्कच्या टोकाचे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबले जाऊन क्लच प्लेट मोकळी होते. स्लेव्हच्या दांड्याची हालचाल मुळातच थोडी असते, त्यामुळे त्यातली जराशी कमी झाली तरी गिअर अडू लागतो. पेडल पंप केल्यावर गिअर पडतो, यावरून दोष बहुधा हायड्रॉलिक भागात आहे असे समजावे. तिथेही दोन शक्यता उरतात. नळीत हवा असेल तर पेडल पहिल्यापासूनच स्पंजासारखे मऊ लागते. आपला क्लच मात्र सुरुवातीला सुटतो आणि दाबून धरल्यावर हळूहळू पुन्हा धरू लागतो, म्हणून माझा संशय मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सीलवर आहे. सील झिजले की दाबाखालचे ऑइल त्याच्या कडेने मागे सरकते, पण ते बाहेर सांडत नाही आणि म्हणूनच आपल्याला पातळी उतरलेली दिसत नाही.

खात्री करणे अवघड नाही. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून आणि गाडीच्या पुढे-मागे कोणी नाही हे पाहून इंजिन चालू करावे. क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंदांनी रिव्हर्स टाकून पाहावा, मग न्यूट्रलमध्ये आणून, पेडल न सोडता अर्धा मिनिट थांबून तोच गिअर पुन्हा टाकावा. पहिल्यांदा सहज पडलेला गिअर दुसऱ्यांदा करकरला, तर दाब टिकत नाही हे स्पष्ट होते. इंजिन बंद असतानाही गिअर तितकाच जड पडत असेल, तर मात्र गिअरची केबल किंवा लिंकेज आधी तपासावे.

स्लेव्ह बाहेरून दिसत असेल, तर इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने दांड्याकडे पाहावे. पेडल दाबलेले असतानाच दांडा हळूहळू मागे येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याचे कारणच नाही. दांडा पूर्ण बाहेर येऊन तिथेच टिकत असेल आणि तरीही गिअर करकरत असेल, तेव्हाच प्रेशर प्लेट, फोर्क किंवा स्प्लाइनवर (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील खाचांवर) अडकलेली प्लेट यांचा विचार करावा.

दुरुस्ती करताना सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे दिसले, तर नवे सीलही फार काळ टिकणार नाही. अशा वेळी पूर्ण मास्टर सिलिंडर बदलणेच योग्य. ऑइल झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच वापरावे. खनिज तेलाचा थेंबही आत जाऊ देऊ नये, त्याने सगळी रबरी सील फुगतात. काम झाल्यावर ब्लीडिंग करून हवा पूर्ण काढून घ्यावी.

प्रश्न : माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लच यांची ऑइलची टाकी एकच आहे. पातळी कमी होत आहे, पण गळती सापडत नाही. प्लेट झिजल्यामुळे असे होते का?

उत्तर : नाही. ब्रेक पॅड झिजले की पातळी थोडी उतरते हे खरे. पण क्लच प्लेट झिजली की स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि ऑइल उलट टाकीत परत येते. क्लचची नळी बहुतेक टाक्यांत वरच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे क्लचकडे गळती झाली तरी ब्रेकसाठी काही साठा राहतो. त्या भरवशावर गाडी चालवू नये, कारण गळती ब्रेकचीही असू शकते. पॅड आणि चाकांजवळचे ब्रेकचे भाग आधी तपासून घ्यावेत.

क्लचच्या बाजूला सुरुवात पेडलपासून करावी. पेडलचा दांडा जिथे पत्र्यात शिरतो तिथे बोट फिरवून ओल लागते का, रंग सुटला आहे का, हे पाहावे. नंतर स्लेव्हचा रबरी बूट मागे सारावा. गळके सील असेल तर आत साठलेले ऑइल लगेच बाहेर येते. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या धातूच्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती असतो आणि त्याची गळती खालच्या सांध्यातून थेंबाथेंबाने दिसते. तो थेंब पाण्यात टाकावा : नेहमीचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, गिअर ऑइल तवंगासारखे वर राहते. अशा गाडीत गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि त्याच वेळी प्लेटही पाहून घ्यावी. ती ऑइलने भिजलेली असेल तर पुसून परत बसवू नये, बदलावीच.