पोट रविवारीही दुखतं

"मॅडम, शाळेत काही शिकवूनच नाही राह्यले. काड्या मोजत बसवते पोट्ट्यायले. कान्व्हेंटात टाकू का त्याले?"

यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्या ओळखीचा झालाय. (इंग्रजी माध्यमाची कुठलीही शाळा आमच्याकडे कान्व्हेंटच.) या वेळी विचारणारा बाप दारव्हा तालुक्यातला, ऐन वेचणीत अर्धा दिवस मोडून आलेला. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला. सकाळ झाली की पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. बापाचं निदान पक्कं होतं, शाळेत जीव रमत नाही.

आई इतका वेळ गप्प होती. हळूच म्हणाली, "आयतवारीबी दुखते त्याचं."

रविवारी शाळा नसते. रविवारी बाप वही घेऊन बसतो.

वही पाहिली. ५२ वजा २८. पोरानं तुराटीच्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढल्या होत्या. एक गठ्ठा सोडून सुट्या बारा केल्या, त्यातल्या आठ खोडल्या, मग दोन गठ्ठे खोडले. उत्तर २४, बरोबर. त्यावर बापाची फुली, मागच्या पानावर उमटेल इतकी जोरात. कारण उसना घेतलेला एक डोक्यावर मांडला नव्हता. वर "पन्नास दोन" वाचलं म्हणून एक चापट.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही वाचायची रीत आली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. या रीतीमागचं कारण तसं साधं आहे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतो, आणि मूल २५ लिहून मोकळं होतं. पण बाजारात कोणी पन्नास दोन म्हणत नाही. बावन्न यायलाच हवं, तिथे मी बापाच्या बाजूची.

मग त्याला विचारलं, "एका बाईनं २८ किलो कापूस वेचला, १२ रुपये किलोनं किती द्याल?"

"तीनशे छत्तीस."

"कसे काढले?"

"तीस किलोचे तीनशे साठ. दोन किलोचे चोवीस कमी."

"मग उसना कुठे मांडला?"

तो काही हसला नाही. बायको मात्र पदर तोंडाला लावून हसली.

घरची वही पंधरा दिवस बंद ठेवायला सांगितली. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना पोरानं किलो वाचायचे. पन्नास दोन म्हणाला तर आपण नुसतं बावन्न म्हणायचं, हात उचलायचा नाही. शाळा बदलायचं जूनमध्ये पाहू, आधी गुरुजींना भेटून या म्हटलं. दीड वर्षात एकदाही भेटला नव्हता.

परवा त्याचा फोन आला. पोट आता क्वचित दुखतं. गुरुजींकडे जाऊन आला. "पन मॅडम, पाढे तर पाठ पाह्यजेत ना?"

पाहिजेत, म्हटलं. फक्त सकाळी नकोत.