‘साभार परत’ आलेल्या बाडाचं काय करायचं?

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. वय ३८. वडील आडतीवर हमाली करायचे. त्यांच्यावर चार वर्षं रात्री जागून कादंबरी लिहिली, साधारण ९५ हजार शब्दांची. पाच प्रकाशकांकडे पाठवली. दोघांचं ‘आमच्या प्रकाशन योजनेत बसत नाही’ असं पत्र आलं. एकानं ‘विषय चांगला, पण पहिली शंभर पानं हलत नाहीत’ असं कळवलं. उरलेले दोघं वर्ष झालं तरी गप्प आहेत. बायको म्हणते, पुरे झालं आता. मित्र म्हणतात, पुण्या-मुंबईत ओळख असल्याशिवाय कोणी छापत नाही. सोबत पहिलं प्रकरण पाठवतोय. खरं सांगा, माझ्यात काही आहे का?

उत्तर : शेवटचा प्रश्न मला विचारू नका. त्याचं उत्तर मला माझ्याबद्दलही अजून मिळालेलं नाही आणि माझी सदुसष्टी उलटली. बाकीच्यावर बोलू.

मी चौदा वर्षं एका प्रकाशकाकडे आलेली हस्तलिखितं वाचायचं काम केलं. बाइंडरच्या वरच्या मजल्यावर एक टेबल, खालून खळीचा वास, आणि टेबलावर बाडांची चळत. ‘योजनेत बसत नाही’ हे पत्र आमच्याकडे छापूनच ठेवलेलं असायचं, फक्त नाव आणि तारीख भरायची. एका शनिवारी मी ते अकरा जणांना पाठवलं. त्यातल्या चार बाडांत मी तिसाव्या पानाच्या पुढे गेले नव्हते. एक खरंच चांगलं होतं, पण मालकांनी त्या वर्षीचा कागद आधीच दुसऱ्या पुस्तकांना लावला होता. पत्र मात्र अकराही जणांना तेच गेलं. तेव्हा त्या दोन पत्रांत अर्थ शोधत बसू नका. विजेचं बिल आपण पुन्हा पुन्हा वाचतो का?

एक हिशेब मात्र तुम्हाला माहीत हवा. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या, पानावर साधारण तीनशे शब्द मावतात. म्हणजे तुमची कादंबरी सव्वातीनशे पानांच्या आसपास, सोळा पानांचा फर्मा, म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद, धरला तर वीस फर्मे. नव्या लेखकाच्या तीन-पाचशे प्रती काढायच्या म्हटलं तरी प्रकाशक शब्दांच्या आधी फर्मे मोजतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपण भाजी घेताना मोजतोच की. पण त्या मोजणीत आलेला नकार हा तुमच्या वडिलांच्या गोष्टीला आलेला नकार नव्हे.

आता ते तिसरं पत्र. ‘पहिली शंभर पानं हलत नाहीत.’ अहो, म्हणजे त्या माणसानं शंभर पानं वाचली! जे आवडत नाही त्याची शंभर पानं पगारी वाचकही वाचत नाही, मी वाचलेली नाहीत. पाचांत हे एकच पत्र तुम्हाला उद्देशून लिहिलेलं आहे. आणि तुम्ही ते बाकीच्या दोन पत्रांच्या गठ्ठ्यात टाकून दिलंत.

मग मी तुमचं प्रकरण त्या पत्राच्या चष्म्यातून वाचलं. सुरुवात : पूर्वेला तांबडं फुटलं, मंदिरातली घंटा, विहिरीवर बायका, धुकं, गावाचा इतिहास. नऊ पानं. दहाव्या पानाच्या मधोमध हे वाक्य येतं : ‘बापाच्या मानेवर पोत्याची शिवण उमटायची आणि रात्री खोबरेल चोळताना आई बोटानं तिचे टाके मोजायची.’ इथे मी चहा खाली ठेवला. हे वाक्य ज्यानं पाहिलंय त्यालाच लिहिता येईल, मला जन्मात सुचलं नसतं. आणि तुम्ही त्याच्यापुढे नऊ पानं तांबडं फोडत बसलात! ती नऊ पानं काढा. फेकू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा, मीही ठेवते. कादंबरी त्या मानेपासून सुरू होऊ दे.

त्याच्या लगेच पुढच्या ओळीत ‘आईच्या डोळ्यांत आसवांचा महापूर दाटला’ असं आहे. ते खोडा. टाके मोजणारी बाई रडते की नाही, हे आम्हाला सांगायची गरजच उरलेली नाही.

आणखी एक. बाराव्या पानावर वडील मुकादमाला म्हणतात, ‘माझ्याकडून आता हे कष्टाचे काम होणे शक्य नाही.’ तुमचे वडील असं बोलायचे? मी पुण्यात वाढले, लातूरच्या आडतीवर माणसं कशी बोलतात ते मी कोणत्या तोंडानं शिकवू? पण असं नक्की बोलत नसणार. हे वाक्य तुमच्यातल्या शाळेच्या लिपिकानं लिहिलंय. वडिलांना बोलू द्या. पुण्यातल्या वाचकाला एखादा शब्द अडला तर अडू दे.

ओळखीबद्दल. मित्र अगदीच खोटं बोलत नाहीत. ओळखीनं बाड चळतीतून वर येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वर आलेलं सगळं छापलं जातं असं नाही, हेही पाहिलंय. दार अडवून बसलेल्यांवरचा राग आपल्याकडे जुना आहे. १९६९ साली लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी ‘सत्यकथा’ या तेव्हाच्या मानाच्या वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळला होता. मी तेव्हा शाळेत होते, घरी मोठ्यांची त्यावरून भांडणं झालेली आठवतात. पण ती मुलं जाळून घरी बसली नाहीत. सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून स्वतःचे छोटे अंक काढत राहिली. तुम्हाला राग आलाय तर येऊ दे, फक्त तो प्रकाशकाला रात्री साडेअकराला मेल करण्यात खर्च करू नका. ती मेल ऑफिसात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली जाते.

माझं सांगते. १९८७ साली पहिली कथा पाठवली. तेव्हा कथेसोबत परतीचं पाकीट जोडायचं असायचं, वर आपणच तिकीट लावलेलं, आपल्याच अक्षरात आपलाच पत्ता. त्यामुळे नकार यायचा तो स्वतःच्या अक्षरात. पातळ पाकीट आलं तर स्वीकार, जाड आलं तर कथा परत. वाड्यात पोस्टमन जाड पाकीट द्यायचा आणि सासूबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायच्या, ‘अगं, तुझंच पत्र तुला आलंय!’ असं सहा वेळा झालं. दर वेळी मी पंधरा दिवस कागदाला हात लावत नसे. लोणच्याच्या बरण्या धुवायचे, पडदे शिवायचे, कोणी लेखनाचं विचारलं की फणकारायचे. सोळाव्या दिवशी एक वही काढायचे. तीत चार रकाने होते : काय पाठवलं, कुठे, कधी, काय उत्तर आलं. पुढचा पत्ता त्या वहीत लिहिला की जरा माणसात यायचे. तुम्हीही वही करा. गप्प बसलेल्या दोघांना दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवा : एक महिन्यात कळलं नाही तर हस्तलिखित इतरत्र देतो आहे. सौजन्यानं लिहा, आणि खरंच द्या.

कादंबरी दुरुस्त करताना वर्ष जाईल. तोवर त्या मानेची आणि टाक्यांची तीन हजार शब्दांची स्वतंत्र कथा करा. दिवाळी अंकांना जून-जुलैपर्यंत पोचली पाहिजे. गणपती बसल्यावर पाठवाल तर संपादक पुढच्या वर्षी बघू म्हणतील, आणि पुढच्या वर्षी विसरतील. शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीची. तिची जाहिरात निघते, त्यावर लक्ष ठेवा आणि नियम जाहिरातीतच वाचा, कट्ट्यावर ऐकू नका.

आणि वहिनींबद्दल. चार वर्षं रात्री दिवा जळत राहिला तो त्यांच्याही डोळ्यांवर. त्यांनी ‘पुरे’ म्हटलं त्याचा अर्थ कादंबरी वाईट आहे असा नसावा. त्यांना वाचून दाखवली आहे का कधी?

प्रश्न : माझा कथासंग्रह तीन ठिकाणांहून परत आला. चौथ्या प्रकाशकानं दोन दिवसांत ‘अप्रतिम’ म्हणून स्वीकारला. ६० हजार रुपये मागतात. ३०० प्रती, आयएसबीएन आणि कॉपीराइट त्यातच देणार म्हणतात. देऊ का? (डोंबिवली)

उत्तर : दोन दिवसांत? मला एक संग्रह नीट वाचायला आठवडा लागायचा. नकारानं हळवं झालेलं मन नेमकं या ‘अप्रतिम’ला भुलतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो, सरकारी यंत्रणा देते. कॉपीराइट तर तुम्ही लिहिलंत त्याच क्षणी तुमचा झाला, १९५७ च्या कायद्यानं, नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे तुमचीच वस्तू तुम्हाला विकायला काढली आहे. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. मग सरळ एखाद्या मुद्रकाकडे जा, कागद बोटांनी चाचपा, दर विचारा, आणि त्या ६० हजारांशी ताडून बघा. कुठेही सही करण्याआधी हक्क किती वर्षांसाठी देताय ते बघा. करारात मुदतच लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, पण ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं असलं आणि तुम्ही सही केलीत, तर मग मला पत्र लिहून उपयोग नाही.

प्रश्न : एकच कथा एकाच वेळी दोन दिवाळी अंकांना पाठवली तर चालते का? एकीकडून नकार आला तर वर्ष तरी वाया जाणार नाही. (नागपूर)

उत्तर : पाठवू नका. माझी एक कथा १९९४ च्या दिवाळीत दोन अंकांत एकदम छापून आली होती. दोन्ही संपादकांनी मानधन पाठवलं नाही, आणि दोघांचंही बरोबर होतं.