जुन्या बाजारातली लोखंडी-पितळी भांडी घेतली तर स्वयंपाकाला खमंग चव येते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एकटे राहता, नॉनस्टिकवर पिठलं-आमटी करता पण घरच्यासारखं खमंग होत नाही, आणि इन्स्टावर 'आजीच्या हातची चव' म्हणून जुनी भांडी विकतात ती घ्यावीत का. मी सात-आठ वर्षं असली भांडी गोळा करतोय (बायकोच्या भाषेत भंगार), तर माझं सरळ मत सांगतो, एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई घ्या आणि बाकी सगळं सध्या विसरा.

खमंगपणा भांड्यात नसतो हो, भाजण्यात असतो. कांदा, खोबरं, बेसन तांबूस व्हायला लागलं की त्यातली प्रथिनं आणि साखर मिळून तो वास तयार होतो, मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं म्हणून त्याला मायार रिअॅक्शन म्हणतात. हे नीट व्हायला साधारण १४० डिग्रीच्या वर जावं लागतं, आणि कांदा पाणी सोडत असतो तोवर तो शंभराच्या पुढे सरकतच नाही. पातळ नॉनस्टिकमध्ये वाटीभर कांदा पडला की भांडं गार आणि मग कांदा भाजायच्या ऐवजी नुसता शिजत बसतो, वर गॅस मोठा करावा तर कोटिंगची भीती. बीड जाड असतं, तापायला वेळ खातं पण एकदा तापलं की कांदा टाका नाहीतर बेसन, गार व्हायचं नाव घेत नाही. एवढंच आहे ते आजीचं गुपित.

पिठलं करून बघा म्हणजे कळेल. घट्टसर झालं की गॅस बारीक, झाकण, आणि सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही, चमचा घालायचा मोह आवरा. खाली तांबूस खरपुडी धरते, ती उलथन्याने खरवडून निघते तेव्हा करकर आवाज येतो, आमच्याकडे त्यावरून अजून भांडणं होतात आणि मी या वयातही माघार घेत नाही.

आता घ्यायची कुठून. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे रस्त्यावर पथारी टाकून कुलुपं, रेडिओ, कॅमेरे, पाने-पक्कड यांच्या मधेच कुठेतरी कढया-तवे पडलेले असतात. इन्स्टावाले फोटो भारी काढतात पण भांडं वाजवून बघता येत नाही आणि बीड वाजवल्याशिवाय घ्यायचंच नाही. कढई बोटावर अधांतरी धरा, नाण्याने टिचकी मारा, ठण्ण वाजून आवाज जरा रेंगाळला तर चांगली, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. मी एकदा एकाकडून अशीच न वाजवता, चकचकीत काळी दिसली म्हणून उचलली, घरी वडे तळायला तेल ओतलं आणि पाच मिनिटांत बर्नरवर थेंब थेंब, नशीब गॅस लगेच बंद केला. तेव्हापासून चकचकीत दिसली की मला उलट संशय येतो. गंजाला घाबरू नका, गंज घासून जातो आणि भाव पाडायला बरा पडतो :)

घरी आणली की गंज घासून काढा, धुवा, लगेच गॅसवर ठेवून कोरडी करा, मग तेलाचा अगदी पातळ हात आणि धूर निघेपर्यंत तापवा, गार झाली की परत, असं तीन-चार वेळा. जास्त तेल लावलं तर चिकट थर बसतो, तेवढं सांभाळा. नंतर काही दिवस तळण आणि कांद्याची कामं करा, कढई आपोआप तयार होते. चिंच, कोकम, टोमॅटो मात्र त्यात उकळू नका, आमटी काळी पडते आणि लोखंडाची चव लागते. रात्रभर सिंकमध्ये भिजत तर अजिबात नको.

पितळेचं म्हणाल तर दिसायला सुंदर, माझ्याकडे एक पातेलं आहे, त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'लग्नाप्रीत्यर्थ भेट' आणि १९६१ साल कोरलंय, कुणाच्या घरातून निघालं असेल कोण जाणे. पण आतली कल्हई (कथलाचा पातळ थर) उडालेली होती, मी हौसेने त्यात चिंचेची आमटी केली आणि ती कळकली, हिरवट झाली, तोंडात धरवेना, सगळी ओतून दिली. मग कल्हईवाला शोधला, त्याने भांडं तापवून नवसागर टाकला, पांढरा धूर सगळीकडे, आणि कथील फडक्याने असं फिरवलं की आतून आरसा झाला. मजा आली बघायला पण हे दर काही महिन्यांनी परत करावं लागतं आणि कल्हईवाले आता सहज सापडत नाहीत, म्हणून पहिलं भांडं म्हणून पितळ नको.

आमटीला तसं भांडं कुठलंही चालतं, तुमचं स्टीलचं पण. कढईत सुकं खोबरं चांगलं लालसर भाजून वाटून घाला, गोडा मसाला अर्धा फोडणीत तेलावर परता आणि अर्धा उकळताना घाला, त्यातल्या दगडफुलाला तेल लागल्याशिवाय वास सुटत नाही.

बाजारात जमलं तर बुधवारी जा, रविवारी गाडी लावायलाच अर्धा तास जातो. आणि खिशात दहाचं नाणं ठेवा, टिचकी मारायला.